माळावरची तोंडी परीक्षा

“सेरिउस पेरुव्हिआनुस! कान उघडे ठेवून ऐका. उच्चार म्हणजे शास्त्राची इज्जत.”

केळापूरच्या माळावर, भर उन्हात, इंद्रजित सर काठी रोखून उभे होते. सर बाहेरचे परीक्षक. समोर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची अकरा पोरं, आणि काठीच्या टोकाशी पुरुषभर उंचीचं काटेरी, हिरवंगार झाड. हा अमेरिकेतला कॅक्टस, असं सरांनी गाडीतून उतरल्या उतरल्या जाहीर करून टाकलं होतं. पोरांनी फक्त त्याचं शास्त्रीय नाव शुद्ध म्हणायचं. दहा मार्क.

अफरोज बिचारा भोळा. “सर, हा कॅक्टस नाही वाटत. हा तर आपला कुंपणाचा थोर आहे.”

“मी विचारलं का?” सरांनी त्याच्या नावापुढे शून्य मांडलं. आता बोला!

“काय चुकलं बे माह्यं?” अफरोज मागे येऊन पुटपुटला.

पुढचा नंबर पायलचा. मारेगावला तिच्या बापाच्या वावराचं कुंपणच थोराचं होतं. काट्यांच्या त्या जोड्या तिने झोपेतही ओळखल्या असत्या. पण तिला एम.एस्सी.ला जायचं होतं, आणि हे दहा मार्क गेले तर प्रवेशाचं नाव काढायला नको. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं मनाशी म्हणून तिने घसा खाकरला.

“सेरिउस पेरुव्हिआनुस.”

“वा! याला म्हणतात उच्चार!” सर इतके खूश झाले, की आतला गाभा दाखवायला त्यांनी हातानेच फांदी मोडली. पांढरा चीक बोटांवरून ओघळला. सरांनी त्याच हाताने कपाळाचा घाम पुसला, मग डोळा.

“अगं माय! डोयाले हात नोका लावू, साहेब!” शेळ्या राखणारी रुपीबाई बाभळीखालून ओरडत आली. तोवर सर मटकन खाली बसले होते. डोळ्यात नुसती आग. रुपीबाईने पोरांच्या बाटल्यांतलं सगळं पाणी डोळ्यावर ओतायला लावलं. मग एक शेळी ओढत आणली आणि दुधाची धार थेट सरांच्या डोळ्यात सोडली.

“थोराचं दूध लय खराब राह्यते, बाप्पा. डोया जाते मानसाचा. दवाखान्यात न्या लवकर.”

ड्रायव्हर गाडी वळवायला धावला. पायलला स्वतःची लाज वाटत होती.

सरांनी मिशीवरचं दूध पुसलं आणि उरलेल्या एका डोळ्याने पोरांकडे पाहिलं. “हा थोर आहे, हे कुणाकुणाला माहीत होतं?”

अकराही हात वर झाले.

“पायल, तुलाही? मग मघाशी बोलली का नाहीस?”

“सर,” पायल मान खाली घालून म्हणाली, “मार्क उच्चाराचे होते.”