बांधालगतची ओळ

शेत तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने साखरबिटाचं पिवळं पान उलटलं. खाली मावा खच्चून भरला होता. “गेल्या हंगामातलं बीट कुणी उभं ठेवलंय का? हा किडा थंडीभर त्यावरच जगतो आणि तिथला रोग नव्या पिकाला लावतो.” थोरल्या बहिणीची नजर बांधाकडे गेली. बांधालगत बाबांनी मरणाआधी लावलेली बिटाची ओळ फुलावर आली होती. गेल्या काढणीच्या वेळी धाकट्या भावाने परोपरीने विनवलं होतं, “ताई, एवढी ओळ उपटू दे. माझं शेत लागूनच आहे.” तिने चारचौघांत झापलं होतं, “तुला कसलं आलंय बापाचं दुःख? बाबांच्या हातचं आहे. हात लावलास, तर याद राख.” आता दोघांचीही शेतं पिवळी पडली होती. अधिकारी गेल्यावर तिने खुरपं भावापुढे धरलं. “तू उपट रे.” त्याने हात पाठीमागे बांधले. “बाबांच्या हातचं आहे, ताई.”