अनुभवाची अट

आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम.ए. करणारी मुलगी एका बड्या संस्थेत इंटर्नशिपच्या मुलाखतीला बसली होती. ही मिळाली तरच पुढे नोकरीची आशा होती.

"गरीब वस्तीतला अनुभव?" साहेबांनी विचारलं.

"मी तिथेच जन्मले, सर. तिथेच वाढले."

"ते राहणं झालं. आम्हाला अनुभव लागतो. एखाद्या संस्थेमार्फत अशा वस्तीत जाऊन या, मग बघू."

बाहेर येऊन तिनं जिन्यातूनच आईला फोन लावला. "आई, नाही घेतलं मला. अनुभव नाही म्हणतात. थोडे दिवस घरीच येते."

"ये की. पण अगं, तुझ्या खाटेवर पाहुणी आहे. तुझ्याच वयाची, तू शिकतेस तेच शिकणारी. कुठल्याशा मोठ्या संस्थेनं पाठवलीय, आपल्यात राहून अनुभव घ्यायला. नळावर रांगेत उभी राहते, चूल फुंकते, आणि डोळे चोळत चोळत फोटो काढते. गुणाची आहे हो पोर! परत गेली की नोकरी पक्की, म्हणत होती."

"असू दे. मी तुझ्याजवळ खाली झोपेन."

आईनं आवाज हळू केला.

"तसं नको गं, बाळा. त्यांचे साहेब बजावून गेलेत. घरात कुणी शिकलेलं दिसलं, तर तिचा अनुभव बाद होतो म्हणे."