दानीएल कुठवर बरोबर

“दोन गाढवांवर एका वेळी बसता येतं का गो?” भागोजींनी विचारलं.

मृणाली सासऱ्यांना पेज भरवत होती. चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

“जुन्या करारातल्या जखऱ्याचं भविष्य कवितेत आहे. राजा येईल तो गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर. जनावर एकच, दोनदा सांगितलेलं. येशूचं चरित्र लिहिताना तुमच्या मत्तयाला ते कळलं नाही. त्यानं येशूसाठी दोन जनावरं आणवली. मग घडलं तसं त्यानं लिहिलं, की भविष्याला जुळेल तसं घडवलं?”

“मत्तय सांगताना चुकला असेल, बाबा. त्यानं येशू खोटा होत नाही.”

“चुकला ना? मग आणखी कुठे कुठे चुकला, ते कोण सांगणार?”

तिनं चमचा पुढे केला.

भागोजी जन्मभर जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. शिमग्यात झटका येऊन त्यांची डावी बाजू गेली. जीभ आणि डोकं शाबूत राहिलं. दुसरा झटका कधीही येईल, आणि तो शेवटचा असेल, असं डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. सासूबाई कधीच्याच गेलेल्या, नवरा गौरव तेलवाहू जहाजावर. मृणाली मुंबईची नोकरी सोडून मांडवीच्या या घरात आली. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातून शेजारच्या घराची जांभ्याची भिंत दिसे. समुद्र भिंतीपलीकडे, तो नुसता ऐकायचा. सासरे पलंगाला खिळले होते आणि ती सासऱ्यांना. रविवारी शेजारची तुळसा तासभर बसे, तेवढ्यात ती चर्चला जाऊन येई.

लग्नाच्या वेळी भागोजींनी तिच्या धर्माबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आता मात्र त्यांनी तिचं बायबल मागून घेतलं. बायबल उशाशी, उजव्या हातात मोबाइल, असे ते दिवसभर ताडून वाचत, आणि दुपारी प्रश्न तयार असे. मत्तय म्हणतो येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, लूक म्हणतो नावनिशीच्या, म्हणजे शिरगणतीच्या वेळी; पण ती झाली तेव्हा हेरोद मरून दहाएक वर्षं झाली होती, मग येशू जन्मला कधी? यशयाच्या भविष्यात जिला मुलगा होणार तिच्यासाठीच्या मूळ शब्दाचा अर्थ नुसता तरुणी, तिची कुमारी कुणी केली? मृणाली चर्चच्या पाळकांना विचारून उत्तरं आणी. भागोजी डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकत. मग त्या उत्तरातलं भोक दाखवत.

एका दुपारी त्यांनी बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक काढलं.

“पुढच्या राजांच्या लढाया हा आधीच सांगतो म्हणे. एका राजापर्यंत सगळं तंतोतंत. त्या राजाचं मरण मात्र त्यानं चुकीचं सांगितलं. वायरलेसवर संदेश मध्येच तुटला की आम्ही समजायचो, जहाज इथवर होतं. हा लिहिणारा त्या राजाच्या काळातच बसलेला. मागचं त्याला ठाऊक होतं, पुढचं नव्हतं. यावर तुझं काय म्हणणं?”

पाळक म्हणाले, श्रद्धा ठेव.

मृणालीनं ती पानं स्वतः पुन्हा पुन्हा वाचली. सासऱ्यांचं म्हणणं तिला खोडता येईना. प्रार्थनेला डोळे मिटले की देवाऐवजी कुणीतरी मान खाली घालून लिहिताना दिसे. हे आईला सांगावं तर ती रडेल. गौरवला सांगावं तर तो म्हणेल, ऐकू नको त्यांचं. आणि या घरात ऐकण्यासारखं दुसरं होतं काय?

पुढच्या रविवारी तुळसा आली, तिला मृणालीनं दारातूनच परत पाठवलं.

“आज चर्चला नाही?” भागोजींनी विचारलं.

ती चादर बदलत होती. तिनं त्यांना डाव्या कुशीवर, भिंतीकडे वळवलं.

“तुमचं बरोबर आहे, बाबा,” ती म्हणाली. “माझ्याकडे उत्तर नाही. आता मला प्रार्थनाही करता येत नाही. जिंकलात तुम्ही.”

ते हसतील, असं तिला वाटलं.  पण त्यांचा उजवा हात चाचपडत मागे आला आणि तिचं मनगट त्यानं घट्ट धरलं. 

“मला मरणाची भीती वाटते गो,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “रोज वाटायचं, आज तरी तू मला हरवशील.”