वीस ओव्या

"ख्रिस्ती बाईनं जात्यावरच्या ओव्या गायच्या नाहीत," मिशन बंगल्यातल्या मडमसाहेबांनी स्वयंपाकिणीला बजावलं. जात्यासंगं मोठ्या झालेल्या हन्नानं ओव्या बंद केल्या. लढाईमुळं साखर आधीच मोजकी, त्यात वाट्यांतले व्हॅनिलाचे केक करपले.

"रविवारी बिशपसाहेब येतायत. पुन्हा करपले तर काम सोड."

"मडमसाहेब, घड्याळ मला कळत न्हाई. केक भट्टीत ठिवला की वीस ओव्या म्हनायच्या, मंग काढायचा."

"मग चर्चमधली गीतं म्हण!"

"तीच म्हनली हुती. लई लांबत्यात, म्हनून तर करपले."

रविवारी बिशपसाहेब चहाला बसले. हन्नानं केक भट्टीत ठेवले, स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि खड्या गळ्यानं ओव्या लावल्या.

मडमसाहेब धावत आल्या, दारात थबकल्या, मग हळूच म्हणाल्या, "अजून किती?"

ओवी न तोडता हन्नानं तीन बोटं वर केली आणि आवाज आणखी चढवला.