विटेचा साक्षीदार

पत्रकार अकराला येणार होते आणि साडेनवालाच घासूकाका मॅडमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात काचेची एक पट्टी, तीही रुमालात धरलेली.

"मॅडम, एवढं एकदा बघून घेता का?"

मॅडम उभ्याउभ्या भाषण पाठ करत होत्या. "आज नको हो काका. दुपारी बघते."

"दुपारी बघून उपयोग नाही त्याचा."

काका असं कधी बोलत नसत. मॅडमनी कागद खाली ठेवला.

काकांचं काम सांगायला सोपं. दगडाचा काप काढायचा, डिंकाने काचेवर चिकटवायचा आणि उजेड आरपार दिसेपर्यंत घासायचा. करायला बसलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. एक फिरकी जास्त झाली की दगड गायब. एकतीस वर्षांत काकांच्या हातून एकही काप वाया गेला नव्हता. म्हणून तर मंगळावरून उडून इथे येऊन पडलेला तो बोराएवढा दगड संस्थेने डोळे मिटून त्यांच्या हाती दिला होता.

त्या दगडाच्या कापात मॅडमना तीनशे बारा मणी दिसले होते. बारीक, गोल, रांगेने बसलेले. अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे काहीतरी जगत असावं, असं वाटायला लावणारे. मॅडमची आठ वर्षांची मेहनत त्या मण्यांवर उभी होती आणि आज अकराला त्या हे जगाला सांगणार होत्या.

काकांची एक खोड होती. प्रत्येक कापाबरोबर ते विटेच्या तुकड्याचाही एक काप काढत. तेच पाणी, तोच डिंक, तीच घासणी. कुणी विचारलं की म्हणत, "भट्टीत भाजून निघालेली वीट. हिच्यात कोण जगणार? हिच्यात काही दिसलं, तर ते माझ्या हातचं समजायचं." त्या कापाला ते साक्षीदार म्हणत. सगळी संस्था त्यावरून त्यांची टिंगल करायची. असे शेकडो साक्षीदार बिस्किटांच्या डब्यांत पडून होते. साक्षीला आजवर एकालाही कुणी बोलावलं नव्हतं.

"काल खाली तुमचा तो मोठा फोटो लावला ना," काका म्हणाले, "मणी तेव्हा पहिल्यांदा पाहिले मी. ओळखीचे वाटले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हा त्याच दगडाबरोबरचा साक्षीदार."

मॅडमनी विटेचा काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि वाकून पाहिलं.

मणी होते. बारीक, गोल, रांगेने बसलेले.



"डिंकाची नवी बाटली यायची होती. मी जुन्यातला वापरला," काका म्हणाले. "बोटाला जरा दाट लागला होता. दाट डिंकात हवेचे बुडबुडे अडकतात. म्हटलं, चालेल. चुकलं माझं."

तीन आठवड्यांनी काका निवृत्त होणार होते. खोटं कशाला सांगा, ते गप्प बसले असते तर निदान तोवर तरी कुणाला काही कळलं नसतं. हार घालून, शाबासकी देऊन लोकांनी त्यांना घरी पाठवलं असतं.

मॅडम चिडल्या नाहीत. नुसत्या खुर्चीत बसल्या. मग कोरड्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे सगळंच गेलं."

"ते मला काय कळणार. पण डिंक भेगेत शिरतो, कापाच्या वरखाली बसतो. दगडातल्या अख्ख्या खड्याच्या पोटात नाही शिरायचा. तुम्ही मणी मोजलेत ते सगळे एकत्र. एकदा नुसत्या खड्यांच्या आत बघा."

मॅडमनी मंगळाचा काप लावला. नजर वरच्या थरावरून हळूहळू खाली, दगडाच्या आत नेली. तीनशे बारांतले मणी एकेक करत पुसट झाले आणि विरून गेले. मॅडमचा हात थांबला. एका हिरवट खड्याच्या अगदी मधोमध काही मणी अजून लख्ख दिसत होते. त्यांनी मोजले. परत मोजले. मग विटेचा काप लावून तिचा कण न् कण तपासला. कणांच्या आत काही नव्हतं.

"सात," त्या म्हणाल्या. "बघा तुम्ही."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून डोळा लावला. निवांत पाहिलं, काप घासून पुरा झाल्यावर पाहावा तसं.

"हे माझे नाहीत," ते म्हणाले.

अकराला मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. भाषणाचा कागद वरच राहिला होता. मागच्या भिंतीवर तीनशे बारा मण्यांचा फोटो होता. त्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे जवळजवळ सगळे आमच्या डिंकाचे बुडबुडे आहेत. आज सकाळी कळलं. उरले सात."

सभागृहात कुजबुज झाली. एका पत्रकाराने विचारलं, "मग ते सात तरी कधी जिवंत होते का?"

"माहीत नाही. होते असं आज मी म्हणणार नाही, आणि नव्हते असंही मला म्हणवत नाही. अब्जावधी वर्षं गप्प बसलेत ते. आपणही थोडा धीर धरू."

"आणि ही चूक पकडली कुणी?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. काका तिथे ॲप्रनवरच उभे होते, भाषण कसं होतंय ते ऐकायला आलेले.

"ज्यांच्या हातून झाली, त्यांनीच."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. घासूकाकांनी दगडाच्या पिठाने पांढरे झालेले हात पटकन पाठीमागे नेले.