एकच लोटा

मोटारसायकल कुडव्याच्या बाहेर पडेपर्यंत टेकचंदने अर्धा सिनेमा सांगून टाकला होता.

मागे बसलेला माणूस अनोळखी होता. पन्नाशीचा, नाव बिसराम. नाक्यावर त्याने हात दाखवला, गोरेगावच्या अलीकडच्या एका गावाला जायचं म्हणाला, टेकचंदने बसवून घेतलं. बाजाराच्या दिवशी टेकचंद मोबाइल दुरुस्तीची पेटी घेऊन गोरेगावात बसायचा. एकट्याने गाडी चालवायचा त्याला कंटाळा. कालचा सिनेमा डोक्यात ताजा होता आणि ऐकायला माणूस मिळाला होता.

सिनेमा असा. एक साधा कारकून. त्याच्या गाडीत एक खुनी बसतो. आधी म्हणतो, नुसतं पुढे सोड. मग म्हणतो, थोडं थांब. मग म्हणतो, त्या घराची कडी वाजव. कारकुनाला नाही म्हणता येत नाही आणि शेवटी सगळं त्याच्याच गळ्यात येतं.

"मी असतो तं पहिलेच ओळखलो असतो," टेकचंद म्हणाला. "खुनी मानूस डोळ्यावरूनच समजते."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडल्या होत्या, तिकडे बिसराम पाहत होता. मग त्याने विचारलं, "त्या खुन्याच्या घरी कोन होतं?"

टेकचंदला आठवेना. दाखवलंच नव्हतं. दोन तास तो खुनी नुसता डोळे वटारून फिरतो. त्यालाही भूक लागते, त्यालाही कुठल्यातरी दारात परत जायचं असतं, हे दाखवायला त्या सिनेमावाल्याच्या बापाचं काय जात होतं?

"नाई दाखवलं," टेकचंद म्हणाला.

"मले बायको आहे. धानाच्या बांधीच्या पान्यावरून चुलतभावाले मारलो. फावड्यानं. अकरा वर्सं झाले. काल सुटलो."

गाडी डगमगली. टेकचंदने आरशात पाहिलं. बिसरामचे डोळे लाल होते, पण ते धुळीनेही होतात. उतरा, एवढा एकच शब्द त्याच्या जिभेवर आला आणि तिथेच अडकला. भेव वाटत असेल तर इथंच उतरवून द्या, चालत जाईन, असं बिसराम स्वतःच म्हणाला, तेव्हा तर तो उच्चारणं आणखी कठीण झालं. टेकचंदने गाडी थांबवली नाही.

उरलेला रस्ता बिसरामच बोलत होता. भावाचं मरण त्याने कोणावर ढकललं नाही. दारू नव्हती, कोणी भडकवलं नव्हतं, तो माझ्याच हातानं मेला, म्हणाला. मग बायकोचं निघालं. जमुनाबाई पहिली काही वर्षं तुरुंगात भेटीला यायची. पाच वर्षांपासून आली नाही. का, हे विचारायचं तोंड त्याला नव्हतं. सुटतो आहे हेही त्याने कळवलं नव्हतं. कळवलं आणि येऊ नका म्हणाली तर? तिने दारात उभं केलं नाही तर जायला दुसरं घर नव्हतं.

घर गावाच्या तोंडाशीच होतं. थोडं थांबा, बिसराम म्हणाला. टेकचंद थांबला.

"तुम्ही जाऊन कडी वाजवा."

टेकचंदने बंद दाराकडे पाहिलं. "काऊन? घर तं तुमचं आहे."

"माह्यावर दार लावलं तं मले सहन नाई होनार. तुमच्यावर लावलं तं तुमचं का जाते?"

टेकचंद गेला.

जमुनाबाईने दार उघडलं. हातात सूप, केसांवर धानाचा कोंडा. टेकचंदने दोन वाक्यांत सांगितलं आणि रस्त्याकडे बोट केलं. तिने पाहिलं. बिसराम गाडीच्या सीटवर हात टेकून उभा होता, खाली मान घालून. ती आत गेली. दार उघडंच राहिलं.

बिसराम अंगणात आला आणि पायरीपासून चार हात दूर थांबला.

जमुनाबाई बाहेर आली ती पाण्याने भरलेला लोटा घेऊन. इकडे दारात आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देतात, मग या-बसा. ज्याच्यापुढे पाणी आलं नाही त्याने समजून घ्यायचं. लोटा एकच होता. तो तिने टेकचंदपुढे ठेवला. धुवा भाऊ पाय, म्हणाली.

टेकचंदला त्या लोट्याला हात लावायची लाज वाटली. बिसरामने लोट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. भाऊ, मले वापस रस्त्यावर सोडून द्या, असं हळूच म्हणून तो वळला.

"कोठं चालले?" जमुनाबाई म्हणाली. "मी पाहुन्याले पानी देऊन राहिली. तुम्ही का पाहुने आहा? टाकं भरून आहे. घ्या आपल्या हातानं."

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला, आणि ती पटकन आत गेली.

बिसराम टाक्यापाशी जाऊन उकिडवा बसला. टेकचंदचे पाय धुऊन झाले, तो पायरीवर टेकला, आतून चहा उकळल्याचा वास आला, तरी बिसराम पायांवर पाणी ओततच होता.

"पुरे करा आता," आतून जमुनाबाई म्हणाली. "उद्याले नाई लागन का पानी?"