फणसावरचा कान

हत्ती आल्याचं सुलक्षणा गवस हिला रिसॉर्टच्या जीप बघून कळलं. पर्यटक कॅमेरे रोखून तिच्या केळीच्या बागेपाशी उभे होते आणि बागेत पाणी लावणारा तिचा नवरा जीव मुठीत धरून घराकडे पळत होता. तिच्या फोनवरच्या हत्तीचा इशारा देणाऱ्या ॲपवर मात्र एवढंच झळकत होतं: ‘तुम्ही रांगेत आहात. कृपया थांबा.’

हत्तीची चाहूल टिपणारा माइक तिच्याच फणसावर होता. माहिती सगळ्यांना खुली, म्हणून गावाने घरोघरी ते माइक बांधू दिले होते.

तिने माइक बसवणाऱ्या संस्थेला फोन लावला.

“ताई, माहिती अजूनही फुकटच आहे,” पलीकडचा म्हणाला. “पैसे भरणाऱ्यांना फक्त आधी मिळते. त्यावरच आमची संस्था चालते.”

“संस्था तुमची चालू दे. झाड माझं आहे.”

तिने फणसावर चढून माइक उपटला. संध्याकाळपर्यंत गावात एकही माइक उरला नाही. हत्ती दिसला की पूर्वीसारखी तोंडाशी हात धरून कूक घालायची आणि ऐकणाऱ्याने ती पुढे द्यायची, असं ठरलं.

आठवड्याने जीपवाला दारात आला. “वैनी, ॲप मुका झाला. हत्ती खंय आसत?”

नदीकडून नुकतीच कूक आली होती. सुलक्षणा ओट्यावर ऐसपैस बसली.

“तुम्ही रांगेत आहात,” ती म्हणाली. “कृपया थांबा.”